हाक किती दूर जाते?

इसवी सन १६६० च्या जुलै महिन्यातील ती गोष्ट महाराष्ट्रात कोणाला नव्याने सांगावी लागत नाही. पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटलेले शिवाजीमहाराज विशाळगडाकडे धाव घेत होते आणि मागे घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे शत्रूची वाट अडवून उभे होते. महाराज गडावर पोहोचले म्हणजे तोफांचे आवाज होतील असा संकेत ठरला होता, असे परंपरा सांगते. या प्रसंगाकडे आपण शौर्याच्या दृष्टीने पाहतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्यात एक साधी, व्यवहाराची गोष्टही दडलेली आहे. गडावरच्या तोफेला फार काही सांगावयाचे नव्हते. ‘पोहोचलो’ एवढा एकच शब्द तिला बोलावयाचा होता, आणि त्याचा अर्थ आधीच ठरलेला होता. शब्द एकच, बोलणारा उंचावर, आणि ऐकणारा कानात प्राण आणून उभा. म्हणून तो शब्द डोंगर ओलांडून गेला. लांब पल्ल्याच्या संदेशाचे जवळजवळ सगळे शास्त्र या तीन गोष्टींत येते.

हे आठवण्याचे कारण अगदी आजचे आहे. आमच्या शिरपुरात हल्ली लग्नाच्या मांडवावर, जत्रेच्या गर्दीवर आणि कापसाच्या शेतावर ड्रोन घरघरताना दिसतात. चार पंख्यांचे ते यंत्र वर जाते, तिथून चित्र पाठविते आणि खाली उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील खटक्यांप्रमाणे वळते. शाळेतली मुले त्याच्यामागे वेडी झाली आहेत. त्यांचा प्रश्न नेहमी एकच असतो: हे आणखी दूर कसे न्यावे? आणि त्यांचे उत्तरही ठरलेले असते: बाजारातून मोठा बूस्टर आणावा, जोर वाढवावा, की झाले! माणसाच्या मनाचा हा फार जुना कल आहे. पलीकडच्याला ऐकू गेले नाही, की आपण आवाज चढवितो. पण इतिहास काढून पाहिला, तर हाक लांब पोहोचविण्याचे मोठे विजय घशाच्या जोराने क्वचितच मिळाले आहेत, असे दिसते.

पहिले उदाहरण आरशाचे घ्या. सन १८६९ मध्ये कराचीला तारखात्यात काम करणाऱ्या हेन्री मान्स नावाच्या इंग्रजाने ‘हेलिओग्राफ’ तयार केले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत होती. तिवईवर बसविलेला एक आरसा, आणि तो किंचित हलविण्याची एक पट्टी, एवढेच ते यंत्र. सूर्याचा कवडसा दूरच्या टेकडीवर नेमका पाडावयाचा आणि लांब-आखूड चमका देऊन अक्षरे पाठवावयाची. चांगल्या हवेत या चमका पन्नास-साठ किलोमीटर आणि त्याहूनही दूर दिसत. यंत्राला स्वतःची शक्ती शून्य! सगळी करामत दिशेची. जो प्रकाश दाही दिशांना सांडून वाया गेला असता, तो एका रेषेत घातला, इतकेच.

पुढे बिनतारी विद्या आली, तीही अशीच लहान पावलांनी. सन १८९५ मध्ये कलकत्त्यात जगदीशचंद्र बसूंनी अदृश्य विद्युत्‌लहरी भिंतीपलीकडे पाठवून तिथली घंटा वाजवून दाखविली. अंतर काही फुटांचेच होते. पण बसूंनी वापरलेल्या लहरी अतिशय आखूड होत्या, आणि त्या एका बाजूस वळविण्यासाठी त्यांनी नरसाळ्यासारखी तोंडे बनविली होती. आजच्या ड्रोनच्या लहरी त्याच आखूड कुळातल्या आहेत. सहा वर्षांनी, १२ डिसेंबर १९०१ रोजी, मार्कोनी अटलांटिक महासागराच्या अमेरिकेकडील किनाऱ्यावर न्यूफाउंडलंडमध्ये कानाला यंत्र लावून बसला होता. त्याला तार उंच न्यावयाची होती आणि सोसाट्याच्या वाऱ्यात मनोरा उभा करणे शक्य नव्हते. त्याने काय केले? पतंग उडविला! पतंगाच्या आधाराने सुमारे दीडशे मीटर तार आकाशात गेली, आणि इंग्लंडहून येणारे तीन टिंबांचे एक अक्षर ऐकू आल्याचे त्याने जाहीर केले. ते खरेच ऐकू आले असेल काय, याविषयी काही अभ्यासक अजून वाद घालतात. पण संक्रांतीला गच्चीवर मांजा सोडणाऱ्या आपल्या पोरांना हे कळले पाहिजे, की जगातील त्या थोर प्रयोगाचा एक भागीदार पतंग होता. कारण उंची ही निम्मी लढाई असते.

आता आपण महाराष्ट्रात येऊ, आणि सन १९२७ मध्ये थांबू. त्या वर्षाच्या २३ जुलैला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या ध्वनिक्षेपण केंद्राचे उद्घाटन व्हॉइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. प्रक्षेपकाची शक्ती दीड किलोवॅट होती आणि त्याचे बोलणे साधारण ३० मैलांपर्यंत, म्हणजे ४८ किलोमीटरपर्यंत, नीट ऐकू येई. कंपनी फार दिवस चालली नाही. १९३० मध्ये ती बंद पडली आणि ते काम सरकारने हाती घेतले. पण त्याच १९२७ साली पुण्याजवळ दुसरी एक घटना घडत होती. तिच्याकडे लोकांचे लक्ष कमी गेले, कारण तिच्यात गाणे नव्हते.

इंग्लंडला आपले साम्राज्य बिनतारी यंत्राने जोडावयाचे होते. पहिला बेत असा, की लांब लांब लहरींची प्रचंड केंद्रे बांधावी, आकाशाला भिडणारे मनोरे उभारावे आणि अफाट वीज ओतावी. हा जोराचा मार्ग. त्या सुमारास मार्कोनी आणि त्याचा सहकारी फ्रँकलिन यांनी निराळी वाट दाखविली. लहरी आखूड घ्याव्या, तारांची रांग अशी मांडावी की सगळी शक्ती एका झोतात जाईल, आणि तो झोत ज्या देशाशी बोलावयाचे त्याच देशाकडे रोखावा. अशा लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवर आपटून पुन्हा खाली येतात, म्हणून पृथ्वीची गोलाई त्यांना आडवी येत नाही. या पद्धतीला ‘बीम’ म्हणत. हिंदुस्थानातील तिचे प्रक्षेपण केंद्र खडकीला, आणि संदेश ऐकण्याचे केंद्र दौंडला होते. सप्टेंबर १९२७ मध्ये ही सेवा इंग्लंडशी सुरू झाली. मुंबईचे गाणे ठाणे-कल्याणच्या पलीकडे जेमतेम पोहोचत असता खडकीची तार सात हजार किलोमीटरवर वाचली जात होती.

दोहोंची तुलना सर्वस्वी बरोबरीची नाही, हे मान्य. खडकीची शक्ती मुंबईपेक्षा अधिक होती आणि लहरींचा प्रकारही वेगळा होता. परंतु मुंबईचे केंद्र चहूकडे बोलत होते, आणि त्याला मनुष्याचा आवाज, तबला, सारंगी, सगळे पोहोचवावयाचे होते. खडकीला फक्त टिंबे आणि रेघा पाठवावयाच्या होत्या, त्याही एकाच दिशेला. बीमच्या तारा इतक्या स्वस्त व जलद पडू लागल्या, की समुद्राखालून तारा टाकून बसलेल्या बलाढ्य कंपन्या हादरल्या, आणि १९२९ मध्ये दोन्ही धंदे एकत्र करण्याची वेळ आली. जोराचा मार्ग शहाणपणाच्या मार्गापुढे हरला, तो असा.

यातील आणखी एका गोष्टीवर थोडे थांबले पाहिजे. बोलण्याचे केंद्र खडकीला आणि ऐकण्याचे दूर दौंडला, असे का? एकाच आवारात दोन्ही बांधली असती तर रोजची ये-जा वाचली नसती का? वाचली असती, पण ऐकू काहीच आले नसते. ज्याच्या कानाशी ढोल वाजतो आहे, त्याला नदीपलीकडची हाक कशी ऐकू येणार? स्वतःचा आवाज स्वतःच्या कानापासून दूर ठेवणे, हा लांबचे ऐकण्याचा पहिला नियम आहे. शंभर वर्षांपूर्वी तो ज्यांनी पाळला त्यांना ड्रोन ठाऊक नव्हता. पण आज ड्रोनच्या वीतभर अंगावर चित्र पाठविणारी दांडी आणि हुकूम ऐकणारी दांडी ज्यांनी एकमेकींना चिकटवून बसविली, ते खडकी आणि दौंड एका खोलीत बांधीत आहेत. दोन्ही दांड्या शक्य तितक्या लांब, आणि दोघींच्या लहरी निरनिराळ्या, हा साधा उपाय पुष्कळ बूस्टरांपेक्षा मोलाचा ठरतो.

स्वातंत्र्यानंतरचे उदाहरण सिंहगडाचे. मुंबईचे दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दूरदर्शनच्या लहरी वरच्या थरांवर आपटून खाली येत नाहीत, त्या जवळजवळ सरळ रेषेतच जातात, आणि मुंबई-पुण्याच्या मध्ये सह्याद्री उभा. मग पुण्याला चित्र दाखवावयाचे कसे? १९७३ मध्ये सिंहगडावर प्रक्षेपण केंद्र आले आणि समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशे मीटर उंचीच्या त्या गडाने मुंबईचे चित्र पुण्याच्या घराघरांत सोडले. ज्या कारणाने पूर्वजांनी तो गड राखला, त्याच कारणाने इंजिनिअरांनी तो निवडला: तेथून सगळे दिसते. आणि ज्याला दिसते, त्याच्याशी बोलता येते.

मात्र माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर पान जुन्नर तालुक्यातील खोडद गावचे आहे. तेथे प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, आणि त्यांचा पसारा सुमारे २५ किलोमीटरांचा. तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत. ताणलेल्या दोरखंडांवर बारीक तारेची जाळी, अशी त्यांची काटकसरी बांधणी आहे. ही दुर्बीण आकाशात काही पाठवीत नाही, ती केवळ ऐकते. म्हणूनच तिच्यासाठी शहरी गोंगाटापासून दूरची, डोंगरांच्या आडोशाची जागा निवडली गेली. जानेवारी २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केले, की सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका आकाशगंगेतील हायड्रोजन वायूपासून निघालेली लहर या तबकड्यांनी टिपली.

पण मला अधिक हेलावते ते १९ ऑक्टोबर २०१६ चे प्रकरण. त्या दिवशी युरोपीय अवकाशसंस्थेचे ‘स्कियापारेली’ नावाचे लहानसे यान मंगळावर उतरत होते. त्याचा बारीकसा प्रक्षेपक अवघ्या काही वॅटचा, आपल्या घरातल्या दिव्याहूनही दुबळा, आणि तो पृथ्वीशी बोलण्यासाठी केलेलाच नव्हता. तरीही प्रयोग म्हणून खोडदच्या तबकड्या एकत्र करून तिकडे रोखल्या गेल्या. अंतर साडेसतरा कोटी किलोमीटर. लहरीला यायला जवळजवळ दहा मिनिटे लागत होती. आणि खोडदला तो सूर ऐकू आला! त्यात शब्द नव्हते, आकडे नव्हते, नुसती एका पट्टीतली शिट्टी. पण त्या शिट्टीची पट्टी जशी चढत-उतरत होती, तशी यानाची गती शास्त्रज्ञांना कळत होती. अखेर, जमिनीला टेकण्याच्या थोडे आधी, सूर थांबला. यान मंगळावर आदळून फुटले होते. घोडखिंडीत तोफ ऐकू आली आणि जीव निश्चिंत झाला. खोडदला सूर बंद पडला आणि जीव हळहळला. दोन्ही ठिकाणी संदेश एकाच शब्दाचा होता, आणि ऐकणारा जागा होता.

आता या सगळ्या शिदोरीनिशी पुन्हा ड्रोनकडे वळू. या यंत्राच्या इतिहासातही महाराष्ट्राचे पान आहे. मुंबईच्या आय.आय.टी.तून शिकून निघालेल्या तरुणांनी २००७ मध्ये ‘आयडियाफोर्ज’ ही कंपनी काढली. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ या चित्रपटात जे उडते यंत्र आपण सर्वांनी पाहिले, ते त्यांचेच. पुढे १८ नोव्हेंबर २०२१ रोजी पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप या आदिवासी भागातील गावी ड्रोनने कोरोनाच्या लशीचे तीनशे डोस नेले. रस्त्याने ज्याला चाळीसेक मिनिटे लागत, ते अंतर त्याने नऊ-दहा मिनिटांत कापले. अशा वेळी ‘पल्ला’ हा पोरखेळ राहत नाही. मध्येच हाक तुटली तर लस रानात पडते.

मग पल्ला वाढतो कशाने? प्रथम जोराचा हिशेब पाहू. अंतर दुप्पट करावयाचे तर शक्ती चौपट लागते. अंतर दसपट हवे असेल तर शक्ती शंभरपट. ड्रोनची बॅटरी हा जमाखर्च किती दिवस सोसणार? दुसरे असे, की बूस्टर आपण आपल्या हातातील यंत्राला लावतो. त्याने आपला हुकूम जोरात जातो खरा. पण चित्र येते ते तिकडून, ड्रोनच्या चिमुकल्या प्रक्षेपकाकडून. तापीच्या या काठावरून आपण कितीही ओरडलो, तरी पलीकडच्या काठावरचा मनुष्य आपल्याला अधिक ऐकू येत नाही. त्यासाठी आपण कानामागे तळहात धरतो. ड्रोनच्या भाषेत हा तळहात म्हणजे चांगला अँटेना. एका बाजूला रोखलेला अँटेना असेल तर जाणारी हाकही दूर जाते आणि येणारीही ठळक ऐकू येते. बूस्टर फक्त तोंड मोठे करतो. अँटेना तोंड आणि कान दोन्ही सुधारतो. शिवाय त्याला बॅटरी लागत नाही.

साधी दांडी असेल तर आणखी एक गंमत लक्षात ठेवावी. तिच्या टोकाच्या दिशेने लहरी जवळजवळ निघतच नाहीत. त्या तिच्या अंगाने, आडव्या पसरतात. त्यामुळे बंदूक रोखावी तशी दांडीचे टोक ड्रोनकडे रोखणारा मनुष्य आपल्या यंत्राचा सर्वांत दुबळा भाग त्याला दाखवीत असतो. दांडीचा आडवा अंगभाग ड्रोनकडे असावा.

आमच्या भागातला मोठा शत्रू अंतर नसून केळीची बाग आहे. ड्रोनच्या लहरींना पाणी वर्ज्य, आणि केळीचे पान म्हणजे पाण्याची पखालच. नुसती दृष्टिरेषा मोकळी असून भागत नाही. त्या रेषेभोवती पखवाजाच्या आकाराची, मध्ये फुगलेली जागाही मोकळी लागते. दोन किलोमीटर अंतरावर नेहमीच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींसाठी मधोमध ती सुमारे आठ मीटर त्रिज्येची होते. म्हणून बांधाखाली उभे राहून उडविण्यापेक्षा घराच्या गच्चीवर किंवा टेकाडावर उभे राहावे. सिंहगडाने शिकविलेला धडा तो हाच.

आणि चित्र आधी का तुटते, हुकूम मागाहून का तुटतो? कारण चित्र म्हणजे गाणे, आणि हुकूम म्हणजे तोफ. चित्राला क्षणाक्षणाला लाखो ठिपके पाठवावे लागतात. त्यासाठी कान रुंद उघडावा लागतो आणि त्यातून गोंगाटही शिरतो. ‘डावीकडे वळ’, ‘वर जा’ हे मोजके शब्द मात्र सावकाश, ठासून उच्चारता येतात. ‘लोरा’सारख्या नव्या पद्धती हेच करतात. एकेक शब्द लांबवून गोंगाटाच्याही खालून तो ऐकतात. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा अशा कामाला ठरावीक मर्यादेत परवान्याविना मोकळा आहे. चित्राचा हट्ट थोडा कमी केला, म्हणजे जरा कमी रेखीव चित्र चालवून घेतले, तरीही पल्ला वाढतो.

कायद्याचीही एक मर्यादा आहे आणि ती शहाणपणाची आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या क्षेत्रातसुद्धा उंची १२० मीटरांच्या आत ठेवावी लागते, आणि डोळ्यांआड नेण्यासाठी वेगळी परवानगी लागते. आमच्या शिरपूरजवळ तांडे येथे विमानांची धावपट्टी आहे. तिच्यासारख्या जागांच्या आसपास उडविण्यापूर्वी सरकारी नकाशा पाहिलाच पाहिजे. लहरींच्या शक्तीलाही कायद्याची मर्यादा आहे. ती मर्यादा ओलांडणारा बूस्टर शेजाऱ्याच्या कानाशी ढोल बडवितो, आणि त्या शेजाऱ्यांत एखादे दवाखान्यातील यंत्रही असू शकते. मग पल्ला वाढवावयाचा तो नियमाच्या आतला: जे अंतर आपल्याला दिसते, तेवढ्यात हाक एकदाही तुटू नये, यासाठी.

आणि तुटलीच तर? इथे पुन्हा विशाळगडचा धडा. संकेत आधी ठरलेला असावा. आजच्या ड्रोनला सांगून ठेवता येते, की हाक ऐकू आली नाही तर अमुक उंची गाठ आणि निघालास त्या जागी परत ये. ती उंची परिसरातील सर्वांत उंच झाडाहून, टॉवरहून अधिक ठेवावी. जाताना वारा पाठीशी असला तर येताना तो तोंडावर असणार हे धरून बॅटरी राखावी. ही पाच मिनिटांची तयारी न करता मांडवावर, माणसांच्या डोक्यांवर यंत्र नेणे म्हणजे खुणेचा आवाज न ठरविता खिंडीत माणसे उभी करणे होय.

दिवाळीत घरोघर आकाशकंदील चढतो. तो उंच टांगावा लागतो, पण त्यात फार मोठा दिवा लावावा लागत नाही. गल्लीच्या टोकावरून घरी येणाऱ्याला तो दिसला, की त्याचे काम झाले. साडेतीनशेहून अधिक वर्षांचा हा इतिहासही तेवढेच सांगतो. उंच जागा पाहावी, नेमकी दिशा धरावी, मोजके बोलावे आणि कान जागे ठेवावे. मग हाक पोहोचते, आणि गेलेले घरी परत येते.